बेशरम

वैशाखात तलावाच्या पाळीवरून खाली उतरलो आम्ही अकरा जणी.
पाणी मधल्या डोहापुरतं उरलेलं,
बाकी सगळा चिखल, आणि चिखलात बेशरमच बेशरम.
जांभळट, भोंग्यासारखी फुलं. दिसायला गोजिरी.
शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

दुर्पता मावशी मुकादम. तिनं आधी तंबाखू मळली,
मग म्हणाली,
"इळे ठेवा वो बाजूले.
हे कापलं का फुटते.
तुकडा पडला का तिथंच जीव धरते.
बुडापासून उपटा, अन् खडकावर टाका,
बूड वर करून."

मला हसू आलं. बाकी कोणी हसलं नाही.
नऊ वर्षं हे माझंच नाव होतं.

निकेशला लुगड्यानं पोटाशी बांधून
एका रात्रीत रपटा ओलांडून मी माहेरी चालत आले,
तर उजाडायच्या आत सासरच्या गावानं ते ठेवलं,
आणि मी पोचले तेव्हा
हातपंपापाशी माझ्या आधीच येऊन उभं होतं.
फोननं आलं असेल.

नवऱ्याविषयी फार सांगत नाही.
त्याच्या आंगणाला कुंपण याच झाडाचं होतं.
माझी डावी करंगळी सरळ होत नाही,
जाळं विणताना गाठ जराशी सैल पडते,
तेवढ्यानं मासोळी निसटत नाही.

इतकी वर्षं मी कापतच होते.
गळ्यातलं विकून जाळ्याचा दोरा आणला. कापलं.
रेशन कार्डावरनं नाव काढलं,
तहसीलच्या चार फेऱ्या. कापलं.
त्या गावाची पाटी लावलेली एस.टी. दिसली
की पाठ फिरवून उभी राहायची.
वाटलं, झालं.

मग गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
भावाच्या आचलनं निकेशची सायकल पाडली,
आणि त्याचा हात वर गेला.
मनगट आधी मागं, मग एकेक बोट मिटत.
तो हात मी ओळखला.
दोन वर्षांचा होता हो पोरगा तेव्हा!
बापाचं तोंडही आठवत नाही म्हणतो.
कुठला तुकडा, कधी पडला होता?

खरं सांगायचं तर
माझाही हात वर गेला होता, त्याच्यावर.
आचल दोघांकडं बघत होती,
कोणता आधी खाली येतो ते.

त्या रात्री पहिल्यांदा सगळं सांगितलं त्याला,
चुलीपाशी, करंगळी त्याच्या हातात देऊन.
सांगताना कुठं थांबावं कळेना,
म्हणून थांबले नाही.
तो रडला नाही. खूप वेळानं विचारलं,
"दुखते का अजून?"
म्हटलं, थंडीत.

तर आता मांडीपर्यंत चिखल.
एकेका झाडाला दोघी दोघी.
रायवंता खेचते, मी बुडाशी हात घालून चाचपते,
मूळ असतं तिथं ते नसतंच,
हातभर दुसरीकडं असतं.
पांढरा चीक कोपरापर्यंत, वास डोक्यात चढतो,
आणि सुटतं तेव्हा असं एकदम सुटतं
की आम्ही दोघी चिखलात बसतो मागच्या मागं.
मग मात्र सगळ्याच हसतात.

मोकळ्या जागेत पाणी यायच्या आत
देवधान लावायचं आहे, चिला, पोवन.
त्यांच्या आसऱ्यानं मरळ येईल म्हणतात, डाडक येईल.
"किती दिवसांनी?" मी विचारलं.
"दोन सालं."
"अन् नाही आली तर?"
दुर्पता मावशी थुंकली.
"तर तिसरं."

रविवारी निकेश रोपांची बादली घेऊन आला,
आचल मागच्या कॅरिअरवर.
खडकावर उलट्या पडलेल्या ढिगात
एका झाडानं त्या सकाळी फूल काढलं होतं.
बूड आभाळाला, फूल दगडाला.
मी तोडायला वाकले.
"राहू दे," मावशी म्हणाली.
"बुडाले ऊन लागलं त्याच्या."

निकेशचं तिकडं लक्ष नव्हतं.
तो आचलला विचारत होता,
रोप किती खोल लावायचं,
आणि ती, जसं काही तिला माहीतच आहे,
हातानं दाखवत होती: इतकं.